आसामला गेलेली सीताफळं

नाना चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या मातीला एकानं भाषण ठोकून त्याला देवमाणूस करून टाकलं. देवमाणूस कसला? हट्टी होता, तिरसट होता, आणि पोटच्या पोरीला भर गावात 'तू मला मेलीस' म्हणून मोकळा झालेला होता. पण सगळा जन्म माझ्या शेजारी काढला त्यानं. आता तोही नाही आणि माझी बायकोही नाही. बायकोबद्दल लिहायला बसलो की हात थांबतो. नानाबद्दल लिहिता येतं, म्हणून नानाचं लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस, जसं आठवेल तसं लिहिणार.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, कोरड्या अंगाचं. नानाचं रान आणि माझं रान एका बांधाला लागून. त्या बांधावर सीताफळाची झाडं, नानाच्या बायकोनं लावलेली. ती बाई पोरगी लहान असतानाच गेली. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळं ती पोरगी अर्धी त्यांच्या घरात अन् अर्धी आमच्या घरात वाढली. शाळेतून आली की दप्तर आमच्या ओट्यावर फेकायची आणि बांधाकडं पळायची. सीताफळाच्या खवल्यांमधल्या रेघा पांढरट झाल्या की आम्ही म्हणतो डोळे उघडले. तसं फळ तोडलं की घरात पिकतं. ही पोरगी डोळे उघडलेली फळं हुडकून आणायची अन् आमच्या ज्वारीच्या कणगीत पुरून विसरून जायची. बायको ज्वारी काढायला गेली की हाताला लगदा. मग आरडाओरडा. पण तो खोटाच असायचा.

पोरगी मोठी झाली, शिकली आणि गावातल्याच बौद्ध वस्तीतल्या पोराशी तिनं लग्न केलं. पोरगा सोन्यासारखा, रेल्वेत चिकटलेला, सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही. नानाला जात आडवी आली, दुसरं काही नाही. आडवळणानं कशाला लिहू? चावडीपुढं तो जे बोलायचं ते बोलला आणि पोरगी नवऱ्याच्या नोकरीवर आसामला गेली. नानाला बोललेला शब्द मागं घेता येत नसे. कढी खारट झालीय हे स्वतःच्या हातची असली तर तो कबूल करायचा नाही, वाडगा भरून प्यायचा.

त्या वर्षी भादव्यात फळं धरली तसा एका सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला. माझ्याशी बोललाच नाही.

"वहिनी, तिकडं आसामात सीताफळ मिळत असंल का वं?"

"मला काय ठावं भावजी? मी नगरच्या पलीकडं गेले न्हाई कधी."

"न्हाईच मिळत. मिळालं तरी आपल्या बांधावरचं थोडंच असनार हाय."

"मग द्या की पाठवून."

"मी न्हाई पाठवायचा. तुमी पाठवा. नाव तुमचं टाका. आन् फोनवर इचारायचं न्हाई, पोचली का म्हनून. फळं धड पोचली तर ती आपसूक बोलंल. ती बोलली की मग मी बी बोलीन."

मी म्हणालो, "नाना, सरळ फोन लाव की. सीताफळाला कशाला मधी घालतो?"

"तू गप बस आप्पा. तुला कळत न्हाई."

तिथून पुढं म्हातारा त्या एका गोष्टीमागं लागला. आता सीताफळ म्हणजे काय चीज आहे हे ज्याच्या घरी झाड आहे त्यालाच ठाऊक. डाळिंब नीट ठेवलं तर महिना काढतं. सीताफळ आज कडक, उद्या मऊ, परवा त्याला माशा. आणि पार्सल आसामला पोचायला आठवड्यापेक्षा जास्त. नानानं मनावर घेतलं की या फळाला तेवढे दिवस जगवायचं. आयुष्यात त्यानं दुसरं काही मनावर घेतलेलं मी पाहिलं नाही. शेतात तण माजायचं, घराचा पत्रा उडायचा, त्याचं लक्ष फळात.

त्याचं म्हणणं असं, की तोडलेलं फळ मेलेलं नसतं. "श्वास चालू असतो त्याचा. आपुन तो धीमा करायचा. बंद न्हाई करायचा, धीमा करायचा." हे तो कुणालाही ऐकवायचा, न्हाव्याला, कंडक्टरला, मतं मागायला आलेल्या उमेदवाराला. उमेदवार मान हलवून गेला.

फळ तोडायचं तर ऊन चढायच्या आत, कात्रीनं, बोटभर देठ ठेवून. ओढून तोडलेलं दिसलं की नाना कळवळायचा, "कान उपटला रं लेकराचा!" फळांच्या खोलीत बिडी नाही, उदबत्ती नाही, मोठ्यानं बोलणं नाही. मोठ्यानं बोलल्यानं फळाला काय होतं हे त्याला विचारलं तर म्हणायचा, "फळाला काय व्हत न्हाई, मला तरास व्हतो."

डबा भरायचं काम माझ्या बायकोकडं. तिच्या हाताला नजाकत होती. पहिल्याच वर्षी नाना म्हणाला, "वहिनी, बांगड्या काढून बसा. काच घासली की फळाच्या अंगावर वरखडा उठतो, तिथनंच नासायला लागतं."

बायको उसळली. "नवरा जिता हाय माझा, त्यो बघा समोर बसलाय कुदळीवानी! तुमच्या सीताफळापायी बांगड्या काढू व्हय?"

नाना गेला आणि स्वतःचे जुने पायमोजे पुढून कापून घेऊन आला. ते तिनं मनगटावर कोपरापर्यंत चढवायचे, बांगड्या आत. तिनं धुवून घेतले आणि घातले. दर वर्षी मग फळांच्या दिवसांत माझी बायको हातात नानाचे मोजे घालून बसलेली. गावातल्या बाया मुद्दाम बघायला यायच्या. एक एक फळ मऊ फडक्यानं पुसायचं, देठाला चुना लावायचा, कागदात गुंडाळायचं, देठ खाली करून बसवायचं. आणि मधेमधे नाना पुरचुंड्या ठेवायचा, विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधात भिजवलेल्या विटेच्या तुकड्यांच्या. फळ पिकताना त्यातून जो वास सुटतो तो ही वीट पिते, असं त्याला कृषी केंद्रातल्या मॅडमनी सांगितलं होतं.

पिकलेल्या केळ्याचं तर त्याला वैरच. पिकलं केळं शेजारी असलं की बाकीची फळं भराभर पिकतात, हे खरंच आहे. आमच्या घरी एकदा सत्यनारायण होता. नानाची फळं आमच्या आतल्या गार खोलीत ठेवलेली, हे कुणाच्या ध्यानात नाही. भटजींनी पूजा मांडली, पोथी उघडली, आणि नाना आला तो सरळ चौरंगावरची केळ्यांची फणी उचलून दाराबाहेर चालला.

"अहो नाना, पूजा चालू आहे!" भटजी म्हणाले.

"चालू द्या. केळी भाईर राहतील."

"केळ्याशिवाय प्रसाद कसा करू?"

"भाईर करा. देवाला भाईर येता येत न्हाई का? त्याचे काय पाय मोडलेत?"

शेवटी सगळी पूजा उचलून ओट्यावर मांडली. सगळे हसले, भटजी धरून. बायको तेवढी हसली नाही. आत जाऊन तिनं फळांवरचं फडकं नीट केलं.

नानानं विहिरीजवळ एक हौद बांधला, तसला दुसरा आमच्या गावात नव्हता. विटांच्या दोन भिंती, मधे वाळू, वर पोत्याचं झाकण. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, की आत गारवा राहतो. विजेचं काम नाही. पण दिसायला ती हुबेहूब समाधी. शिर्डीला पायी जाणारी माणसं आमच्या रस्त्यानं जातात. त्यांच्यातल्या एका बाईनं तिथं नारळ ठेवला, फुलं वाहिली, डोकं टेकवलं. नाना घरातून बघत होता. बाई गेल्यावर बाहेर येऊन त्यानं नारळ फोडला आणि अर्धा मला दिला.

मी म्हणालो, "आरं, तिचा नवस असंल काहीतरी."

"आसंल. आपला बी हाय," नाना म्हणाला आणि खोबरं चावत बसला.

आमच्याकडं टँकर यायचा त्या उन्हाळ्यात हंडाभर पिण्याचं पाणी त्यानं वाळूला पाजलं. फळ तर नव्हतंच तेव्हा आत. मी चिडलो, "माणसं तहानलीत आन् तू वाळूला पाजतो?" तर म्हणाला वाळू एकदा कोरडी पडली की भिंती तडकतात. त्या दिवशी मी त्याच्याशी भांडलो. महिनाभर बोललो नाही. तो माझ्या बायकोशी बोलायचा, मी ऐकायचो.

चुकाही त्यानं थोड्या केल्या नाहीत. ओळखीच्या एका डाळिंबवाल्याचं शीतगृह होतं, तिथं त्यानं कॅरेटभर सीताफळ ठेवलं. गार म्हणजे टिकणार, असा हिशोब. आठवड्यानं काढलं तर कोळशासारखं काळं. बाहेर ठेवून वाट पाहिली, ते पिकेना. दगड तो दगडच राहिला. सीताफळाला तेवढी थंडी सोसत नाही. दुसऱ्या साली मेणबत्त्या वितळवून फळांना मेण चढवलं. फळाचा श्वासच कोंडला. आम्ही पार्सल घेऊन तालुक्याला पोस्टात गेलो. नानानं आधी डबा दोन-तीन दिवस घरात ठेवून परीक्षा पाहिली होती, दिसायला फळं झकास. पण खिडकीतल्या माणसानं डबा उचलला, नाकाजवळ नेला आणि म्हणाला, "म्हातारबा, दारू पोस्टानं जात नाही."

"दारू न्हाई, सीताफळ हाय."

"मग त्यानं घेतलीय."

रांगेतली माणसं फिदीफिदी हसली. नाना डबा छातीशी धरून बाहेर आला आणि येताना एसटीत सगळा वेळ खिडकीकडं तोंड करून बसला.

कृषी केंद्रातल्या मॅडमनी त्याला सरळ सांगितलं होतं. पोरसवदा बाई, पण हुशार, आणि मनानं चांगली. "आजोबा, अख्खं फळ इतक्या लांब पोस्टानं जाणार नाही. गाडीच्या डब्यातली उष्णता तुमच्या हातात नाही. गर काढा, गोठवा, गोठवलेला माल नेणारे असतात त्यांच्याकडं द्या. मुलीला चव मिळेल." बाईचं बरोबर होतं. मी पण नानाला तेच म्हणालो.

"गर कुनी बी पाठवील," नाना म्हणाला. "फळ फोडायला तिला भेटलं पायजे. फोडताना हाताला कळतं."

काय कळतं, ते काही सांगितलं नाही त्यानं.

डबा गेला की नाना आमच्या ओट्यावर मुक्कामाला. बायकोचा मोबाईल खुंटीला पिशवीत टांगलेला असायचा, त्याच्याकडं बघत बसायचा. बायको आणि पोरगी महिन्या-दोन महिन्यांनी बोलायच्या. बोलणं झालं की नाना विचारायचा नाही, नुसता बघायचा. बायको म्हणायची, "बरी हाय म्हनली. लेकराला दात आलाय. फळाचं काय बोलली न्हाई बाई." मग नाना म्हणायचा, "म्हंजी नासली." उठायचा अन् जायचा. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या वर्षाची तयारी.

एका साली मात्र जमलं. त्यानं दोन सारखे डबे भरले. एक पाठवला, एक आमच्या पत्र्याच्या शेडात ठेवला, गाडीत जेवढं तापेल तेवढं इथं तापू दे म्हणून. पार्सल पोचायच्या सुमारास शेडातला डबा उघडला. फळं अख्खी! डोळे फाकलेले, पण साल धड, आणि अंगठ्यानं दाबलं की जरासं दबणारी. नानानं एक फोडलं. आत पांढरंशुभ्र. अर्धं माझ्या बायकोच्या हातावर ठेवलं, म्हणाला, "वहिनी, जिंकलो." अन् मोबाईल असलेली पिशवी मांडीवर घेऊन बसला. जेवायला उठला नाही. बायकोनं ते अर्धं फळ खाल्लं नाही, हातात धरून गोठ्याकडं गेली. मला वाटलं गाईचं काहीतरी काम असेल.

फोन आला तो चार-पाच दिवसांनी. बायको नेहमीसारखीच म्हणाली, "फळाचं काय बोलली न्हाई."

"रेल्वेवाल्यांनी आपटला आसंल डबा," नाना म्हणाला. आणि पुढच्या वर्षी दुप्पट कागद घातला.

अशी वर्षं गेली. परवाच्या भादव्यात बायकोच्या पोटात गाठ निघाली. नगरला नेलं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्या वर्षीचा डबा तिनं खाटेवर पडून भरला. हातात मोजे घालून. मी म्हणालो राहू दे, तर माझ्यावरच खेकसली. दसऱ्याच्या आधी गेली. हातभर हिरव्या बांगड्या घालून, सवाष्ण, तिला पाहिजे होतं तसं. मला काय पाहिजे होतं ते कुणी विचारलं नाही.

दहाव्याला पोरगी आली. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, एकटीच आली, एवढ्या वर्षांनी. ओट्यावर माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. जेवणं झाली, भावकी पांगली, आणि मग आम्ही तिघंच उरलो. नाना खांबाला टेकून बसलेला. लांब. त्यानं तिच्याकडं न बघता विचारलं,

"डबा पोचायचा का?"

"पोचायचा."

"कसा?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार?

"नासलेला," ती म्हणाली.

"दर साली?"

"दर साली. पोस्टमन नाक दाबून आनून द्यायचा."

"एक साल तरी..."

"न्हाई नाना. एक बी साल न्हाई."

"मंग सांगायचं न्हाई का? मी येडा हितं जन्म घालवला त्याच्यात!"

"सांगितलं असतं तर तुमी पाठवायचं थांबला असता."

नाना खांबाचा पोपडा नखानं काढत राहिला. मग पोरगी म्हणाली, "काकीला सांगितलं हुतं मी. पहिल्या सालापासनं ठावं हुतं तिला. ती म्हनायची, बोलू नको, पोरी. म्हाताऱ्याला दुसरं काय हाय? मी भरत जाईन, तू घेत जा."

म्हणजे दर साली नासणारच हे माहीत असून ती एक एक फळ फडक्यानं पुसत होती. देठाला चुना लावत होती. मरायला टेकली तरी. आणि मला चकार शब्द नाही. एका ताटात जेवलेली बाई! मला त्या दुपारी तिचा एवढा राग आला, की ती समोर असती तर भांडलो असतो. मला सांगायला काय झालं होतं? पण मला तोंड सांभाळता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक. मी नानाला एका दिवसात सांगून मोकळा झालो असतो, लई शहाणपणानं. तो राग अजून आहे. कुणावर काढू?

त्यानंतर वैशाखात नाना झोपेतच गेला. जावयानं खांदा दिला, वस्तीतली माणसं सगळी आली, आणि कुणी काही बोललं नाही. पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. पोरगी आसामला परत निघाली त्या सकाळचं.

फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही दोघं बाकड्यावर बसलो होतो. नाना घरी नव्हता, कुठं गेला कुणाला माहीत नाही. पोरगी म्हणाली, "येनार न्हाईत ते." मीही म्हणालो, "न्हाईच यायचा. तुझा बाप हाय त्यो." तेवढ्यात तो दिसला. बांधाकडच्या वाटेनं चालत येत होता, दोन्ही हात पुढं करून, तळवे वर. जसं कुणी देवाचं तीर्थ सांडू नये म्हणून चालतं. दोन्ही तळव्यांवर एकेक सीताफळ. झाडावरच पिकलेलं. आमच्याकडं झाडपिकं फळ कुणी बाजाराला नेत नाही, पाटीत ठेवलं तरी स्वतःच्याच वजनानं फुटतं. ते झाडाखाली उभं राहून खायचं किंवा पाखरांना सोडायचं. एक वाटेतच फुटलं होतं, रस त्याच्या कोपरापर्यंत ओघळलेला, मुंग्या लागलेल्या. त्यानं हात खाली केले नव्हते.

"हे पुढं जात न्हाई," पोरीपुढं उभा राहून तो म्हणाला. "हितंच खावं लागंल."

पोरीनं दोन्ही हातांनी घेतलं. फोडायची गरज नव्हती, हातात घेताच उकललं. ती खायला लागली. एसटी आली, कंडक्टरनं हाका मारल्या. पोरीनं मान हलवून नाही म्हटलं, आणि एसटी गेली. पुढची दोन तासांनी होती. बिया हातात थुंकत ती म्हणाली,

"धड पोचली, नाना."

नाना तिच्या शेजारी बाकड्यावर बसला. आता त्याला बोलणं भाग होतं, त्याचाच शब्द होता तसा. मी उठून टपरीवर गेलो आणि चहा सांगितला. तिथून मला ऐकू येत नव्हतं. एवढं दिसत होतं, की म्हाताऱ्याचं तोंड हलतंय, थांबतंय, परत हलतंय, आणि पोरगी फुटलेलं दुसरं फळ त्याच्या तळव्यावरून बोटांनी उचलून खातेय अन् मधेच मान डोलावतेय. चहा गार झाला तरी मी तिकडं गेलो नाही.

पुढच्या गाडीनं ती गेली. नाना बाकड्यावरच बसून राहिला. मी मात्र निघालो, आणि या वयात जवळपास पळतच निघालो. वाटेत कुणी राम राम घातला तर थांबलो नाही. घराची कडी काढली, उंबऱ्यात पाय ठेवला आणि आत तोंड करून मोठ्यानं म्हणालो,

"अगं, ऐकलं का, नाना बोलला! फळं पोचली बघ!"